लिफ्टबद्दलही लिहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत पॅरिसच्या उपनगरांतल्या स्थलांतरितांच्या वस्त्यांवर पानभर लेख होता. मी तो दोनदा वाचला. जळालेल्या गाड्यांची छायाचित्रं होती, ढाली घेतलेल्या पोलिसांची होती, आणि एक छायाचित्र उंच, करड्या इमारतींचं होतं. त्याखाली लिहिलं होतं की, आपापल्या लोकांत राहायच्या ओढीनं स्थलांतरितांनी या वस्त्या वसवल्या. त्या एका ओळीपायी हे पत्र लिहायला बसले आहे.

तशाच एका इमारतीत मी २००३ च्या सप्टेंबरपासून २००६ च्या जूनपर्यंत राहिले. क्लिशी-सू-ब्वा हे गाव, पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चपासून पूर्वेला पंधरा किलोमीटरवर. इमारतीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथं अजून माझ्या ओळखीची माणसं आहेत. मी आता दुसरीकडे राहते. पण दुभाषी म्हणून काम करते, हिंदी, उर्दू, गुजराती आणि क्वचित मराठी, त्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदा अजूनही अशा इमारतींचे जिने चढावे लागतात.

आधी 'आपापल्या लोकांत' याविषयी. नवव्या मजल्यावर आमच्याकडे चार दारं होती. एका घरात तुर्की कुटुंब, दुसऱ्यात हैतीहून आलेली दोन मुलांची आई, तिसऱ्यात म्हातारं पोर्तुगीज जोडपं. चौथं दार आमचं. त्या एका दारामागं चार बिऱ्हाडं होती : मालीची एक बाई आणि तिची दोन मुलं, श्रीलंकेचं तमिळ नवरा-बायको, कोमोरो बेटांवरचा एक तरुण आणि मी. जिन्यात एकमेकांशी बोलायचं तर मोडकीतोडकी का होईना, फ्रेंचच बोलावी लागे. माझं पुस्तकी फ्रेंच सुटलं ते याच जिन्यात. यातलं कोण कोणाच्या ओढीनं तिथं आलं होतं, हे लेख लिहिणाऱ्यानं मला सांगावं.

मी आले ते भाड्यासाठी. विद्यापीठात शिकत होते, पैसे थोडे होते, आणि पॅरिसमध्ये खोली द्यायला घरमालक फ्रान्समधल्या पगारदार माणसाची हमी मागत. ती माझ्याकडे नव्हती. विद्यापीठातल्या एका मुलीकडून कळलं की क्लिशीत एक माणूस काही न विचारता खोली देतो, महिना ३२० युरो, रोख. मूळ तीन खोल्यांचं घर प्लायवूडच्या फळ्या ठोकून चौघांत वाटलेलं होतं. माझ्या वाट्याला दिवाणखान्याची खिडकीकडची बाजू आली होती. फ्रेंचमध्ये अशा घरमालकाला 'मार्शाँ द सोमेय' म्हणतात, झोपेचा व्यापारी. पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो शब्द मला काव्यमय वाटला होता. खरा मालक मी कधी पाहिला नाही. दर महिन्याच्या एक तारखेला एक माणूस यायचा, नोटा मोजायचा आणि जायचा.

पावती देत नसे. वाचकांना हे किरकोळ वाटेल, पण सगळं त्या पावतीवर अडतं. भाड्याची पावती नाही म्हणजे राहत्या पत्त्याचा पुरावा नाही. पुरावा नाही म्हणजे सरकारी घरभाडे-भत्ता नाही. सार्वजनिक घरासाठी, इथं ज्याला आश-एल-एम म्हणतात त्यासाठी, अर्ज करायचा तर कागद अपुरे. राहण्याचा परवाना वाढवून घ्यायला प्रेफेक्त्यूरमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी कचेरीत, गेलं की तिथंही आधी तोच कागद मागतात. मालीच्या ताई पहाटे ला देफाँसच्या कचेऱ्या झाडायला जायच्या, पगारातून सामाजिक सुरक्षेची वर्गणी कापली जायची, मुलं शाळेत होती, आणि कागदोपत्री त्या कुठंच राहत नव्हत्या. त्यांनी ते घर निवडलं असं म्हणायचं तर दुसरं कुठलं दार त्यांच्यासाठी उघडं होतं तेही सांगायला हवं.

आता लिफ्ट.

इमारतीत दोन लिफ्ट होत्या. मी आले तेव्हा एक बंद होती. २००४ च्या हिवाळ्यात दुसरीही बंद पडली आणि मी खोली सोडेपर्यंत सुरू झाली नाही. नऊ मजल्यांच्या दीडशेच्या वर पायऱ्या. जिन्यातले दिवे गेलेले, म्हणून भिंतीला हात लावून चढायचं. पहिले काही आठवडे माणसं पूर्वीसारखीच जगतात. मग हळूहळू बेत बदलतात. बाजार रोजच्या ऐवजी आठवड्यातून एकदा. पाण्याच्या बाटल्या बंद. संध्याकाळचा फ्रेंचचा वर्ग बंद, कारण कामावरून येऊन वर गेलेलं माणूस पुन्हा खाली उतरत नाही. हैतीच्या बाईचा धाकटा दम्यानं आजारी असायचा, त्याला पाठीवर घेऊन ती दर दोन मजल्यांनी थांबायची आणि आम्ही आपापल्या दारातून खुर्ची पुढं करायचो. तुर्की घरातल्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा ती नऊ मजले चालत उतरली. सासू पुढं, मी मागं, हातात बॅटरी. मुलगी झाली, सुखरूप झाली. ती आता वीस वर्षांची आहे.

आमच्या वर, दहाव्या मजल्यावर, एक अल्जेरियन आजोबा राहायचे. सगळी इमारत त्यांना 'तोंतों' म्हणायची, म्हणजे काका. ते १९६४ साली फ्रान्सला आले. आधी नाँतेरच्या झोपडपट्टीत राहिले, चिखलात, पत्र्याखाली. पॅरिसभोवती तेव्हा अशा झोपडपट्ट्या होत्या. नाँतेरला मुख्यतः अल्जेरियन आणि शाँपिन्यीला पोर्तुगीज मजूर हजारोंनी राहत, आणि दिवसा हेच लोक राजधानीचे रस्ते आणि इमारती बांधत. १९६४ मध्ये या झोपडपट्ट्या हटवण्यासाठी कायदा झाला. तोंतोंना तिथून हलवून तात्पुरत्या छावणीत ठेवलं. तात्पुरतं म्हणजे नऊ वर्षं. पुढं त्यांना ओल्नेच्या मोटार कारखान्यात काम मिळालं. सार्वजनिक घराचा अर्ज त्यांनी किती वेळा केला, याचा हिशेब त्यांच्या बोटांवर होता. शेवटी १९८४ साली कर्ज काढून त्यांनी या इमारतीतलं घर विकत घेतलं.

होय, विकत. आपल्या लेखात या सगळ्या इमारती सरकारी खैरात म्हणून आल्या आहेत. क्लिशीच्या कितीतरी इमारती खासगी मालकीच्या आहेत. शेन प्वँत्यू ही तिथली मोठी वस्ती साठच्या दशकात मध्यमवर्गीयांना विकायला बांधली गेली. गावाजवळून नवा महामार्ग जाणार होता, पॅरिस हाकेच्या अंतरावर येणार होतं. महामार्ग झालाच नाही. ज्यांना परवडलं ते सोडून गेले. घरांच्या किमती पडल्या, तेव्हा दोन प्रकारचे लोक ती विकत घ्यायला आले : एक तोंतोंसारखे, ज्यांना सार्वजनिक घर कोणी देत नव्हतं, आणि दुसरे झोपेचे व्यापारी.

यानंतर लिफ्ट कशी बंद पडते ते तोंतोंनी मला टेबलावर काड्या मांडून समजावलं होतं. लिफ्ट, उष्ण पाण्याचे नळ, छप्पर, सगळं सामायिक. दर तिमाहीला प्रत्येक मालकानं आपला वाटा भरायचा. खोल्या तोडून भाड्यानं देणारा मालक वाटा भरत नाही, त्याला तिथं राहायचं नसतं. ज्याची नोकरी गेली तो भरू शकत नाही. तिजोरीत खड्डा पडला की आधी दुरुस्तीवाले येणं थांबतं, मग इंधनाचा पुरवठा. हिवाळ्यात भिंतीतली गरमी जाते, घरोघर विजेच्या शेगड्या लागतात, तारा तापतात, फ्यूज उडतात. एवढं झाल्यावर आणखी काही जण घर कवडीमोलानं विकून टाकतात आणि ते घेतो पुन्हा तोच व्यापारी. तोंतोंनी एकही तिमाही चुकवली नव्हती. वीस वर्षांच्या पावत्या त्यांनी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात क्रमानं लावून ठेवल्या होत्या. मला त्यांनी त्या मोजायला लावल्या. ऐंशीच्या वर होत्या.

लिफ्ट बंद झाल्यावर त्यांचे गुडघे आठ-दहा महिने टिकले. पुढं ते खाली उतरलेच नाहीत. शुक्रवारची नमाज घरी, केस कापायला पोरगा वर, औषधं कोणीतरी आणून देई. हे 'कोणीतरी' म्हणजे कोण, तेही सांगते. तळमजल्यावर दाराशी रोज पाच-सहा पोरं उभी असायची. आपल्या छायाचित्रात पाठमोरी आहेत तशीच. त्यातली एक-दोन तिथं चरस विकायची, हे मी लपवत नाही, मला त्याची भीती वाटायची आणि संताप यायचा. पण म्हाताऱ्यांच्या पिशव्या दहा मजले वर नेणारीही तीच पोरं होती. माझं पुस्तकांचं खोकं नवव्या मजल्यावर त्यांनीच चढवलं. पैसे देऊ केले तर एकाला राग आला.

अंतराविषयी लेखात काही नाही, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मी राहत होते तेव्हा जवळपास तीस हजार वस्तीच्या त्या गावाला रेल्वे नव्हती, मेट्रो नव्हती, ट्राम नव्हती. बसनं ल रँसीच्या स्टेशनावर जायचं, तिथून उपनगरी गाडी. पंधरा किलोमीटरला सव्वा ते दीड तास. मालीच्या ताई पहाटे चारला उठत. संध्याकाळी पॅरिसमध्ये एखादं व्याख्यान ऐकायला थांबले तर परतताना शेवटच्या बसचा घोर लागे, आणि ती चुकली की टेकडी चढून पायी. वीस वर्षांचं पोर कामाच्या शोधात निघालं तर आधी त्याला दीड तासाच्या प्रवासाचं तिकीट काढावं लागायचं. गावात नोकरी कार्यालयही नव्हतं. पोलीस ठाणं आलं ते २०१० मध्ये, दंगलीनंतर पाच वर्षांनी.

त्या दंगलीबद्दल थोडंच लिहीन. २७ ऑक्टोबर २००५ ला संध्याकाळी फुटबॉल खेळून येणारी तीन मुलं पोलिसांच्या तपासणीला घाबरून पळाली आणि विजेच्या उपकेंद्रात लपली. सतरा आणि पंधरा वर्षांची दोघं तिथं विजेच्या धक्क्यानं गेली, तिसरा भाजला पण वाचला. आमच्या खिडकीतून त्या रात्री आणि पुढच्या रात्री ज्या ज्वाळा दिसल्या, त्या आमच्याच शेजाऱ्यांच्या गाड्यांच्या होत्या. कोमोरोच्या मुलाची जुनी गाडी त्यात गेली. तो रात्रपाळीला गोदामात जायचा. गाडी गेली, पाठोपाठ काम गेलं. गाड्या जाळणाऱ्यांची बाजू मी घेत नाही. तीन आठवडे देशभर आग पसरली, ८ नोव्हेंबरला आणीबाणी जाहीर झाली, आणि जगभरच्या कॅमेऱ्यांनी आमचं दार पाहिलं. त्यातल्या एका वार्ताहरानं मला विचारलं, "तुमच्या समाजात मुलांवर लक्ष ठेवत नाहीत का?" कोणत्या समाजात, हे मला कळलं नाही. लिफ्ट बंद होती म्हणून तो वर आला नाही. तोंतोंना तो भेटलाच नाही.

आपल्या लेखकानं आणखी एक गोष्ट गृहीत धरली आहे : इमारती चांगल्या होत्या, स्थलांतरित आले आणि त्यांनी बिघडवल्या. क्रम असा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये घरांचा भीषण तुटवडा होता. १९५४ च्या जनगणनेत दहातल्या जेमतेम एका घरात न्हाणीघर निघालं. म्हणून झटपट, जड काँक्रीटच्या तयार भिंती आणून, रुळांवरून सरकणाऱ्या क्रेननं इमारती उभ्या केल्या गेल्या. किती ठिकाणी तर इमारत किती लांब, हे क्रेनचे रूळ किती लांब टाकले त्यावर ठरलं. शहराबाहेर जमीन स्वस्त होती, तिथं. सार्सेलला बारा हजारांच्या वर घरं झाली, ला कूरनव्हच्या वस्तीचं नावच 'चार हजार' पडलं. पहिले रहिवासी मुख्यतः फ्रेंच कामगार, कारकून आणि १९६२ नंतर अल्जेरियातून परतलेले गोरे. नळाचं गरम पाणी मिळालं म्हणून ते आनंदात होते. तरीही साठच्या दशकातच फ्रेंच वर्तमानपत्रांत 'सार्सेलित' हा शब्द आला. दुकानं नाहीत, गाडी दूर, दिवसभर घरात एकट्या पडलेल्या बायका, त्यांच्या उदासीला दिलेलं ते रोगाचं नाव. आपण ज्यांना दोष देतो ते तेव्हा त्या इमारतींत नव्हतेच. ते नाँतेरच्या चिखलात होते.

१९७३ च्या मार्चमध्ये सरकारनंच अशा महाकाय वस्त्या बांधणं थांबवलं. पुढं स्वतःचं बंगलीवजा घर घ्यायला कर्ज सोपं झालं, फ्रेंच कुटुंबं निघून गेली आणि रिकाम्या घरांना भाडेकरू हवे झाले. तेव्हा कुठे स्थलांतरितांसाठी ही दारं उघडली. त्याच सुमारास कारखान्यांतली कामं आटू लागली. इमारतींची डागडुजी करायची वेळ आली आणि रहिवाशांचे पगार आटले, दोन्ही एकदमच.

सरकारनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. १९८६ मध्ये ला कूरनव्हची एक अख्खी इमारत सुरुंगानं पाडली. २००३ च्या कायद्यानं नूतनीकरणाला अब्जावधी युरो आले, आणि आमच्या शेजारच्या मोंफर्मेयमध्ये ले बोस्केचे मनोरे पाडून तीन-चार मजल्यांची नीटस घरं झाली. ती मी आतून पाहिली आहेत, चांगली आहेत. २०१५ मध्ये क्लिशीच्या खासगी इमारतींची दुरवस्था राष्ट्रीय प्रश्न म्हणून सरकारनं हाती घेतली. पण दुभाषी म्हणून मी अशा बैठकांत बसते तेव्हा एक गोष्ट हमखास घडते. मालकाला मोबदला मिळतो, करारवाल्या भाडेकरूला दुसरं घर मिळतं, आणि फळीमागं राहणाऱ्या माणसाकडे कागदच नसतो. तो यादीत नसतो. इमारत पडायच्या आधी तो दुसऱ्या कुठल्या तरी इमारतीत, दुसऱ्या कुठल्या तरी व्यापाऱ्याकडे गेलेला असतो. अधिकाऱ्यांचं बोलणं त्याच्या भाषेत सांगताना मला शब्द सापडत नाहीत असं नाही. सांगायला नको वाटतं.

आणि श्रीमंत गावं? २००० सालच्या कायद्यानं प्रत्येक मोठ्या गावात निदान वीस टक्के सार्वजनिक घरं हवीत, नंतर बहुतेक ठिकाणी पंचवीस. पॅरिसला लागून असलेल्या न्यूयीसारख्या धनाढ्य गावानं वर्षानुवर्षं दंड भरणं पत्करलं. कोण मिसळत नाही, हा प्रश्न तिथंही विचारता येईल. हैतीच्या बाईचा दमेकरी मुलगा आता हिशेबनीस आहे. नोकरीचे अर्ज करताना त्यानं पत्ता पॅरिसमधल्या मित्राचा घातला, तेव्हा त्याला पहिलं बोलावणं आलं. २०१४ पासून पत्त्यावरून माणूस नाकारणं कायद्यानं भेदभाव ठरतं. त्याच्या आईला ते मीच वाचून दाखवलं होतं. तिनं विचारलं, "मग सिद्ध कसं करायचं?"

२०१९ च्या डिसेंबरात टी-४ ही ट्राम क्लिशीपर्यंत आली. आता पॅरिसच्या नव्या १६ क्रमांकाच्या मेट्रोचं स्टेशन तिथं बांधलं जातंय. ट्राम सुरू झाल्यानंतरच्या आठवड्यात मी मुद्दाम गेले. डब्यात मालीच्या ताई भेटल्या, केस पांढरे झालेले, अजून कचेऱ्या झाडतात. म्हणाल्या, रोज चाळीस मिनिटं झोप वाढली.

तोंतों २००९ मध्ये गेले. त्यांना खाली आणायला अग्निशमन दलाची शिडी मागवावी लागली.

आपल्या लेखकाविषयी माझ्या मनात राग नाही. त्यांनी पुन्हा पॅरिसला यावं. मी बरोबर येईन, दुभाषी लागला तर पैसे घेणार नाही. फक्त पहाटे पाचच्या आत निघावं लागेल, कारण ज्यांच्याशी बोलायचं ती माणसं सहाला कामावर हजर असतात. आणि पायात चढण्याजोगे बूट असू द्यावेत.

आपली,
एक मराठी दुभाषी, पॅरिस
(नाव छापू नये ही विनंती.)